गवंड्याचा मुलगा फ्रँक बोरझेगी

चित्रपटाचे नाव काढिले की आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ वडील माणसांच्या कपाळास आठ्या पडतात, आणि त्यांची ही नाराजी अगदीच निराधार आहे असे आम्हांस म्हणवत नाही. पडद्यावर जे दाखविण्यात येते त्यातील बराच भाग वेळेचा व पैशाचा नाश करणारा आणि तरुणांचे मन चळविणारा असतो. तथापि निंदण माजलेल्या शेतातही कोठे कोठे भरलेली ओंबी आढळते, व शहाणा शेतकरी ती निंदणाबरोबर उपटून टाकीत नाही. अमेरिकेतील हॉलीवूड येथे सुमारे पन्नास वर्षे काम करून १९६२ साली मरण पावलेल्या फ्रँक बोरझेगी या दिग्दर्शकाचे चरित्र याच हेतूने आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. दिग्दर्शक म्हणजे नटनट्यांकडून काम करवून घेऊन चित्रपटास रूप देणारा कारागीर. हे गृहस्थ पाळक नव्हते, उपदेशकही नव्हते. परंतु पापी मनुष्य प्रीतीने कसा पालटतो, व हलक्यात हलक्या जागी देवाची कृपा कशी उतरते, हे त्यांनी जन्मभर सांगितले. आणि ज्या रीतीने सांगितले ती रीत खेडोपाडी सुवार्ता सांगत फिरणाऱ्या आमच्या बंधूंनी जाणून घेण्याजोगी आहे.

ते ज्या जातीचे चित्रपट काढीत तिला मेलोड्रामा असे नाव आहे. गरीब मुलगी, तिच्यावर होणारा जुलूम, दोन जिवांची ताटातूट, आजार, युद्ध, आणि अखेरीस अशक्य वाटणारी भेट, असा या कथांचा साचा असतो. शिकलेले लोक हे नाव बहुधा नाक मुरडूनच घेतात. रडविणारी गोष्ट ती हलकी, असा त्यांचा ग्रह झालेला असतो. आमच्या वाचकांस तसे वाटण्याचे कारण नाही. ज्या महाराष्ट्रात हरिश्चंद्र-तारामतीचे आख्यान ऐकता ऐकता सारी सभा पदराने डोळे पुसते, आणि जेथे नगरकडील आमच्या वडिलांनी ख्रिस्ती कीर्तने रचून शास्त्रातील कथा गायिल्या, तेथे अश्रूंची लाज कोणी बाळगावी? योसेफ मिसर देशात आपल्या भावांस ओळख देतो तो प्रसंग घ्या. बाहेरच्या लोकांस ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तो रडला, असे मोशेच्या पहिल्या पुस्तकात लिहिले आहे. हॉलीवूडच्या कोणत्याही मेलोड्रामात याहून अधिक रडणे नाही.

बोरझेगी यांचा जन्म २३ एप्रिल १८९४ रोजी अमेरिकेच्या युटा संस्थानातील सॉल्ट लेक सिटी या शहरी झाला. त्यांचे वडील लुइजी बोर्झागा हे व्यवसायाने दगडी काम करणारे गवंडी. त्यांचे मूळ गाव रोंझोने. ते आज इटलीत असले तरी त्या काळी ऑस्ट्रियाच्या बादशाहीत मोडत असे. कामधंद्यासाठी ते स्वित्झर्लंडात गेले असता तेथे रेशमाच्या कारखान्यात काम करणाऱ्या मारिया रूएग या मुलीशी त्यांची गाठ पडली. पुढे दोघे अमेरिकेत आली. पेन्सिल्व्हेनियातील हेझलटन गावी लुइजी यांनी कोळशाच्या खाणीत काम केले, व मग हे कुटुंब सॉल्ट लेक सिटी येथे स्थायिक झाले. या दांपत्यास चौदा मुले झाली, त्यांपैकी आठच बालपण ओलांडून जगली. घरधनी दिवसभर दगड घडवीत आहे, घरात खाणारी तोंडे पुष्कळ आहेत, आणि सहा लहान थडगी मागे पडली आहेत, अशा घरात हा मुलगा वाढला. गरिबांच्या घरातील चूल, बिछाना, मोडकी खुर्ची व खिडकी ही त्यांच्या चित्रपटांत इतक्या आदराने दाखविलेली दिसतात, त्याचे मूळ या घरात असावे असे आम्हांस वाटते.

घराणे रोमन कॅथोलिक होते. मुलास नाटकाचे वेड लागले व लहान वयातच तो फिरत्या नाटक मंडळ्यांबरोबर गावोगाव हिंडू लागला. १९१२ साली तो हॉलीवूडला पोहोचला. तेथे प्रथम नट म्हणून काम मिळाले. १९१५ सालापासून ते स्वतः चित्रपट दिग्दर्शित करू लागले. ते दिवस मूकपटांचे होते. नट बोलत असे पण आवाज ऐकू येत नसे. मधून मधून पडद्यावर अक्षरे उमटत, बाकी सर्व काही डोळ्यांनी, हातांनी व प्रकाशाने सांगावयाचे. या शाळेत बोरझेगी तयार झाले. कमी शब्दांत सांगण्याची सवय त्यांस येथे लागली, ती पुढे बोलपट आले तरी सुटली नाही.

१९२० साली त्यांच्या ‘ह्युमोरेस्क’ या चित्रपटाने त्यांचे नाव झाले. न्यूयॉर्कच्या दाट वस्तीत राहणाऱ्या एका गरीब यहुदी कुटुंबाची ही कथा. आपल्या मुलांपैकी एक तरी संगीतज्ञ निघावा म्हणून आई देवाजवळ मागणे करीत असते. धाकटा मुलगा व्हायोलिन वाजविण्यात मोठी कीर्ती मिळवितो. मग महायुद्ध येते व तो जखमी हाताने परत येतो. ‘फोटोप्ले’ नावाच्या मासिकाने वाचकांची मते घेऊन त्या वर्षीच्या उत्तम चित्रपटास सुवर्णपदक देण्याची प्रथा पाडिली. तिचे पहिले पदक या चित्रपटास मिळाले. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांचे चित्रपट चालत असलेल्या त्या काळात लोकांनी गरीब आईच्या प्रार्थनेस पहिला मान दिला, हे लक्षात ठेविण्यासारखे आहे.

आता ज्या चित्रपटाने बोरझेगी यांचे नाव साऱ्या जगात गेले त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. तो ‘सेव्हन्थ हेवन’, म्हणजे सातवा स्वर्ग. तो १९२७ साली निघाला. कथेचा नायक चिको हा पॅरिस शहराच्या गटारांत उतरून काम करणारा मजूर आहे. गटारातून वर येऊन रस्ते धुणाऱ्याची जागा आपणांस मिळावी एवढीच त्याची इच्छा. ज्यांच्या वाडवडिलांच्या वाट्यास गावकीची हलकी कामे पिढ्यान्‌पिढ्या आली, त्या आमच्या वाचकांस ही महत्त्वाकांक्षा समजावून सांगावी लागणार नाही. चिको आपणांस नास्तिक म्हणवितो, व त्याचे कारणही देतो. त्याने मंदिरात मेणबत्त्या लावून देवाजवळ दोन गोष्टी मागितल्या होत्या, रस्ते धुण्याची नोकरी आणि सोनेरी केसांची बायको. दोन्ही मिळाल्या नाहीत. तेव्हा देव आपला देणेकरी आहे असे तो मानतो. आम्ही प्रोटेस्टंट लोक मेणबत्त्या लावून नवस करीत नाही हे खरे. पण देवापाशी हिशेबाची वही उघडून बसणारी प्रार्थना आमच्याही मंडळ्यांत अगदीच ऐकू येत नाही असे नव्हे. एक वृद्ध धर्मगुरु हे त्याचे बोलणे ऐकतो. तो त्याच्याशी वाद घालीत नाही, रागेही भरत नाही. रस्ते धुणाऱ्याची नोकरी त्यास मिळवून देतो, आणि जाताना दोन लहान पदके त्याच्या हाती ठेवितो.

त्याच गल्लीत डियान नावाची मुलगी राहते. तिची बहीण दारूच्या आहारी गेलेली असून तिला चाबकाने मारते. परदेशाहून परत आलेला श्रीमंत चुलता दोघींस आश्रय देण्यास तयार होतो, मात्र त्या सन्मार्गाने राहिल्या आहेत काय असे विचारितो. डियानला खोटे बोलवत नाही, म्हणून आश्रय जातो. बहीण चवताळून तिला रस्त्यात मारू लागते. तेव्हा गटारातून वर येऊन चिको तिला सोडवितो. पुढे पोलीस तिला पकडू लागले असता ही माझी बायको आहे असे तो बोलून जातो, व ते खरे भासावे म्हणून तिला आपल्या खोलीवर घेऊन जावे लागते. खोली इमारतीच्या सातव्या मजल्यावर, अगदी छपराखाली आहे. दोघे जिना चढू लागतात, आणि त्यांजबरोबर चित्र घेणारे यंत्रही एकेक मजला वर चढते. या एका दृश्यासाठी जिन्याचा सबंध देखावा उभारून यंत्र त्याच्या बाजूने वर उचलण्याची सोय करण्यात आली होती. पाहणाऱ्यास वाटते की आपणही गटारातून आकाशाकडे चाललो आहो. संवाद नाही, उपदेश नाही; पायऱ्या आहेत, आणि वर एक गरिबाची खोली आहे.

त्या खोलीत दोघांचा स्वभाव पालटतो. सदा खाली मान घालणारी डियान वर पाहण्यास शिकते, व आपण मोठे असामान्य पुरुष आहो अशी फुशारकी मारणारा चिको नम्र होऊ लागतो. इतक्यात १९१४ चे महायुद्ध सुरू होते, आणि तासाभरात त्यास पलटणीबरोबर निघावे लागते. धर्मगुरूस बोलाविण्यास वेळ नाही, म्हणून ते देवास साक्षी ठेवून ती दोन पदके एकमेकांच्या गळ्यात घालितात. रोज सकाळी अकरा वाजता, तो खंदकात व ती सातव्या मजल्यावर, दोघांनी एकमेकांस मनाने भेटावे असे ठरते. आणि ती भेट खरोखर होते, असे बोरझेगी दाखवितात. युद्ध संपते त्या दिवशी तोच वृद्ध धर्मगुरु चिकोचे पदक घेऊन येतो. तो आपल्या हातांत मेला असे सांगतो. डियानचा विश्वास तेथेच कोसळून पडतो. इतकी वर्षे अकरा वाजता जो भेटत होता तो कोण, असा प्रश्न तिला पडतो. पण खाली रस्त्यात विजयाच्या गर्दीतून एक आंधळा शिपाई लोकांस ढकलीत, चाचपडत चालला आहे. तो जिना चढतो. तो कसा वाचला याचा खुलासा चित्रपट देत बसत नाही. डोळे गेले आहेत, तरी पूर्वी जे दिसत नव्हते ते आता त्यास दिसते, आणि छपराच्या खिडकीतून प्रकाशाचा झोत दोघांवर पडतो.

हे सारे अशक्य आहे असे म्हणणारे टीकाकार तेव्हाही होते व आजही आहेत. त्यांस आमचे उत्तर इतकेच की दुःखित स्त्रियांनी आणलेली आनंदाची बातमी प्रेषितांसही प्रथम बाष्कळ वाटली होती. दुसरा एक आक्षेप मात्र आम्ही हलका मानीत नाही. धर्मगुरूवाचून व मंडळीच्या साक्षीवाचून दोघांनी लग्न लावून घेणे हे आमच्या तरुणांनी उदाहरण म्हणून घेऊ नये. बोरझेगी यांच्या चित्रपटांत असे विवाह वारंवार येतात, आणि या बाबतीत त्यांचा कल आम्हांस सैल वाटतो. परंतु त्यांचे सर्वच प्रेमिक विवाहास खेळ न मानता शपथ मानितात, व ती शपथ मरणापर्यंत पाळितात, हेही सांगितले पाहिजे.

१६ मे १९२९ रोजी हॉलीवूड येथे अकॅडमी अवॉर्ड, ज्यास आता सारे जग ऑस्कर म्हणते, ते पारितोषिक प्रथमच वाटण्यात आले. त्या वेळी गंभीर कथांच्या दिग्दर्शनाचे पारितोषिक बोरझेगी यांस मिळाले. डियानचे काम करणाऱ्या जेनेट गेनॉर या तरुण नटीस त्या वर्षीच्या तीन चित्रपटांतील कामाबद्दल पहिले पारितोषिक देण्यात आले. पुढे ‘बॅड गर्ल’ या १९३१ सालच्या चित्रपटाबद्दल बोरझेगी यांस तोच मान पुन्हा मिळाला.

गेनॉर व चिकोचे काम करणारे चार्ल्स फॅरेल यांजकडून त्यांनी १९२८ साली ‘स्ट्रीट एंजल’ हा दुसरा चित्रपट करवून घेतला. नेपल्स शहरातील अँजेला या मुलीची आई मरणाच्या दारी आहे आणि औषधास पैसे नाहीत. ती रस्त्यावर उभी राहून देह विकू पाहते, ते जमत नाही. चोरी करू पाहते आणि पकडली जाते. शिक्षेतून पळून ती एका सर्कशीत लपते. तेथे जिनो नावाचा भटका चित्रकार तिचे चित्र काढितो. चित्रात ती इतकी पवित्र दिसते की तिचा तिलाच विश्वास बसत नाही. पुढे ते चित्र विकावे लागते, व लबाड व्यापारी त्यावर हात फिरवून जुन्या उस्तादाने काढिलेले मरियेचे चित्र म्हणून ते खपवितात. अँजेलाचा गुन्हा उघडकीस येतो, ती तुरुंगात जाते, आणि जिनोस खरे काय ते उशिरा, दुसऱ्याच्या तोंडून कळते. तो सूडाने पेटून तिला शोधीत फिरतो. बंदराच्या धुक्यात ती सापडते. तो तिला मारण्यास धावतो, व ती पळत एका मंदिरात शिरते. तेथे तिचा गळा धरिला असता त्याची दृष्टी वर जाते, तो वेदीवर त्याचेच चित्र. चोर म्हणून दोषी ठरलेल्या मुलीचा चेहरा पूजेस लागलेला आहे. ती पूर्वी काय होती व प्रीतीने तिला काय पाहिले, या दोहोंतील अंतर त्या एका क्षणात भरून येते. आम्ही चित्रांस नमन करीत नाही. तरी हे दृश्य पाहून दगड मारण्यास उचललेला हात खाली यावा, असे त्यात काही आहे.

१९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली व लाखो लोक बेकार झाले. त्या दिवसांत निघालेल्या ‘मॅन्स कासल’ या १९३३ सालच्या बोलपटात नदीकाठच्या झोपडपट्टीत राहणारे एक जोडपे आहे. तिला एक नवी चूल हवी आहे, एवढेच तिचे स्वप्न. बिछान्यावरील छपरास एक फळी सरकविण्याजोगी ठेविली आहे, ती सरकवून तो आकाश पाहतो. शेवटी दोघे मालगाडीच्या डब्यात वाळलेल्या गवतावर पडून, पोटातील मुलास घेऊन अज्ञात ठिकाणी निघतात. गव्हाणीचे नाव कोणी घेत नाही. न घेताच ती दिसते.

१९३७ साली त्यांनी ‘ग्रीन लाइट’ हा बोलपट काढिला. वडील शस्त्रवैद्याच्या हातून झालेल्या चुकीचे खापर एक तरुण डॉक्टर आपल्या माथी घेतो, अशी ती कथा आहे. तिचे मूळ लेखक लॉइड डग्लस हे स्वतः पाळक. आरंभी लुथरन व पुढे काँग्रिगेशनल मंडळ्यांत त्यांनी सेवा केली होती. १८१३ साली मुंबईस येऊन अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारे गॉर्डन हॉल हे याच काँग्रिगेशनल मंडळ्यांतले, तेव्हा आमच्या पुष्कळ वाचकांचे या ग्रंथकाराशी लांबचे का होईना नाते लागते. चित्रपट मात्र बेताचा आहे. त्यातील सत्पुरुष फार बोलतो.

१९४० हे साल बोरझेगी यांच्या आयुष्यात मोठे ठरले. युरोपात युद्ध पेटले होते, अमेरिका अजून त्यात पडली नव्हती, आणि जर्मनीतील बाजार बुडेल या भीतीने चित्रपटांचे मालक हिटलरविषयी जपून बोलत. अशा वेळी ‘द मॉर्टल स्टॉर्म’ हा त्यांचा बोलपट निघाला. १९३३ साली हिटलर सत्तेवर येतो त्या रात्री एका वृद्ध प्राध्यापकाचा वाढदिवस घरात साजरा होत आहे. बातमी येते, आणि त्याच मेजाभोवती बसलेले कुटुंब दुभंगते. सावत्र मुलगे नव्या झेंड्यामागे जातात, बाप छळछावणीत मरतो, मुलगी बर्फातून सीमा ओलांडताना गोळीने मारली जाते. यहुदी हा शब्दही चित्रपटात उच्चारला नाही, इतकी मालकांस धास्ती होती. तरी सर्वांस सर्व समजले. या कंपनीच्या सर्व चित्रपटांस जर्मनीत बंदी करण्यात आली. शेवटी एक मुलगा रिकाम्या घरात एकटाच फिरतो. जुन्या माणसांचे आवाज त्यास ऐकू येतात. तो बाहेर जातो, व त्याच्या पावलांच्या खुणा बर्फाने हळूहळू भरून जातात.

त्याच वर्षी निघालेला ‘स्ट्रेंज कार्गो’ हा आमच्या मते त्यांचा सर्वांत धाडसी चित्रपट. काळ्या पाण्याच्या एका तुरुंगवसाहतीत कैद्यांची मोजणी चालू आहे. व्हर्न नावाचा दांडगा कैदी लपून मागे राहिला आहे. परंतु कँब्रो नावाचा एक अनोळखी मनुष्य आपण होऊन ओळीत शिरतो, आणि मोजणी पुरी भरते. तो कोठून आला, कशासाठी आला, कोणी सांगत नाही. गुन्हेगारांच्या मोजणीत तो स्वतः मोजला गेला, हे वाक्य शास्त्र वाचणाऱ्याने मनात आणिले की पुढचे सारे उलगडते. काही कैदी जंगलातून व मग होडीतून पळ काढितात. बरोबर नाचगाण्यावर पोट भरणारी ज्यूली नावाची एक स्त्री आहे. अन्नपाणी संपते, एकामागून एक मरतात. आणि प्रत्येक मरणाऱ्याच्या उशाशी कँब्रो बसलेला असतो. तो कोणास धर्मांतर करावयास लावीत नाही. भ्यालेल्याचे भय जाते, रागीटाचा राग निवतो, एवढेच दिसते. बायकांचे खून करून पैसे मिळविणारा हेसलर मात्र वळत नाही. तो सर्व काही ओळखून, दार उघडून अंधारात निघून जातो, व कँब्रो त्यास अडवीत नाही. यहूदा भोजनावरून उठून बाहेर गेला त्या रात्रीची येथे आठवण झाल्यावाचून राहत नाही. अखेरीस वादळात संतापलेला व्हर्न कँब्रोस समुद्रात फेकून देतो. तो फळकुटास धरून, दोन्ही हात पसरून लाटांवर तरंगत असलेला पाहताच व्हर्नचे हृदय फुटते. तो त्यास वर ओढून घेतो. मग आपली राहिलेली शिक्षा भोगण्यास तो आपल्या पायांनी परत जातो.

या चित्रपटाचे काय झाले? रोमन कॅथोलिक लोकांच्या लीजन ऑफ डीसेन्सी नावाच्या संस्थेने तो पाहण्यास अयोग्य म्हणून दोषी ठरविला. शास्त्राचा उपयोग अनादराने केला आहे आणि भाषा कामुक आहे, हे आक्षेपांपैकी मुख्य होते. काही शहरांत तो दाखविण्याची मनाई झाली. पुढे कंपनीने त्यात फेरफार केल्यावर संस्थेने आपला निकाल सौम्य केला. नीतीची काळजी घेणे हे मंडळीचे काम आहे, व त्यातील काही संवाद आम्हांसही नको होते. तरीसुद्धा जकातदार व पापी यांच्या पंक्तीस बसणारा मनुष्य पडद्यावर आला असता धर्मशील लोकांनीच प्रथम दार लावावे, हे वाचून आम्हांस वाईट वाटले. आमच्या मंडळ्या त्या जागी असत्या तर त्यांनी वेगळे केले असते काय, हे आम्ही वाचकांवर सोपवितो.

बोरझेगी यांच्या खासगी आयुष्याविषयी झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मरणापर्यंत टिकणारी प्रीती ज्यांनी पडद्यावर इतक्या वेळा दाखविली, त्यांचे १९१६ साली रीना रॉजर्स या नटीशी झालेले लग्न १९४१ साली मोडले. पुढे त्यांनी आणखी दोन विवाह केले. १९३४ साली त्यांचे वृद्ध वडील मोटारीच्या अपघातात वारले, १९४७ साली आई गेली. लोकांची आवडही पालटली. महायुद्धानंतरच्या प्रेक्षकांस कठोर, संशयी कथा रुचू लागल्या, व अश्रूंच्या गोष्टी जुन्या ठरल्या. १९४८ साली निघालेल्या ‘मूनराइज’ या चित्रपटात फाशी गेलेल्या मनुष्याचा मुलगा आहे. बापाच्या नावाने सारे गाव त्यास लहानपणापासून हिणविते, आणि एके रात्री त्याच्या हातून छळणाऱ्याचा खून होतो. दलदलीत एकटा राहणारा मोझ नावाचा वृद्ध कृष्णवर्णी मनुष्य त्यास माणसांत परत जाण्यास सांगतो, व तो आपण होऊन स्वाधीन होतो. रक्ताचा कलंक पिढीजात असतो काय, हा प्रश्न जन्मावरून माणूस मोजला जाणाऱ्या आमच्या देशात कोणास परका वाटू नये. परंतु त्या चित्रपटानंतर दहा वर्षे बोरझेगी यांनी मोठा चित्रपट केला नाही. दूरचित्रवाणीसाठी थोडेसे काम केले तेवढेच.

१९५९ साली, पासष्टाव्या वर्षी, त्यांस उघड उघड शास्त्रातील विषय मिळाला. लॉइड डग्लस यांच्याच ‘द बिग फिशरमन’ या कादंबरीवरून शिमोन पेत्राचे चरित्र पडद्यावर आणावयाचे होते. रंगीत व भव्य पडद्यावरचा, सुमारे तीन तासांचा हा चित्रपट डिस्ने यांच्या कंपनीने प्रदर्शित केला. त्यात ख्रिस्ताचे मुख दाखविले नाही, हा विवेक आम्हांस आवडला. राजवाडे, वाळवंट, घोडेस्वार, सूड घेण्यास निघालेली हेरोदाची मुलगी, सर्व काही आहे. पेत्रही आहे. पण गटारात काम करणाऱ्या चिकोने जे हृदयात घातले ते येथे जात नाही. कोळ्याने जाळे टाकावे तसा हा पेत्र बोलतो, पण जाळे ओढताना त्याचे हात दुखत नाहीत. बोरझेगी यांस देवाचे नाव न घेता देवाविषयी सांगण्याची हातोटी होती. जेव्हा प्रत्येक पात्राच्या तोंडी ते नाव आले तेव्हा त्यांस सांगावयास काही उरले नाही असे दिसते. आमच्या उपदेशक बंधूंनी रविवारच्या बोधाची तयारी करिताना या दोन चित्रपटांची तुलना मनाशी करून पाहावी. वचन सोडावे असे आमचे म्हणणे नाही. ज्या घरात ते वचन सांगावयाचे त्या घराची चूल आपण पाहिली आहे काय, एवढेच विचारावयाचे आहे.

१९६१ साली अमेरिकेतील दिग्दर्शकांच्या संघाने त्यांस डी. डब्ल्यू. ग्रिफिथ पारितोषिक देऊन त्यांच्या जन्मभराच्या कामाचा गौरव केला. युरोपात एक चित्रपट सुरू केला असता ते आजारी पडले व तो दुसऱ्याने पुरा केला. १९ जून १९६२ रोजी कर्करोगाने हॉलीवूड येथे त्यांचा अंत झाला.

त्यांचे पुष्कळ मूकपट नाहीसे झाले आहेत. १९२९ सालचा ‘लकी स्टार’ हा असाच कायमचा गेला असे लोक समजत होते. पुढे त्याची एक प्रत हॉलंडमधील चित्रपट संग्रहालयात सापडली, आणि १९९० साली उत्तर इटलीतील पोर्देनोने येथे जुन्या मूकपटांच्या मेळ्यात ती दाखविण्यात आली. युद्धात पाय गेलेला टिम हा तरुण चाकांच्या खुर्चीत बसून मोडक्या वस्तू दुरुस्त करीत असतो. शेजारच्या मळ्यातील मेरी ही विधवेची मुलगी त्याच्याकडे येते. ती चोरटी आहे, लबाड आहे, आणि इतकी मळलेली की तिच्या केसांचा रंग कोणता हे कोणास ठाऊक नाही. टिम एके दिवशी तिला समोर बसवितो, एकामागून एक अंडे तिच्या डोक्यावर फोडितो आणि केस चोळून धुऊ लागतो. पाणी ओततो, पुन्हा चोळतो. काळे म्हणून वाटलेले केस सोनेरी निघतात, आणि हात तसेच ओले ठेवून तो तिच्याकडे पाहत राहतो.